काढून टाकलेलं उत्तर

१

चू दोक-सू या म्हाताऱ्याचा जीव घेणारं वाक्य अतिशय नम्र होतं.

'आजोबा, लाल बटण जरा वेळ दाबून धरा, म्हणजे बॉयलर पुन्हा सुरू होईल. थोडं बघा, आणि परत बंद पडला तर आम्हाला अवश्य फोन करा हं.'

प्यो साहेबांच्या खोलीत मी ते ध्वनिमुद्रण ऐकत होते. मुलीचा आवाज गोड, तरुण. त्याआधीचा म्हाताऱ्याचा आवाज मात्र माझ्या कानातून अजून जात नाही.

'बाळ, बॉयलर सारखा बंद पडतोय बघ. सुरू होतो, फडफडतो, परत बंद. आणि सकाळपासून माझं डोकं नुसतं जड झालंय. म्हातारपण, दुसरं काय! तुला उगाच त्रास. जेवलीस का तू?'

मुलगी हसून हो म्हणाली आणि तिनं ते वाक्य वाचलं. म्हाताऱ्यानं बटण दाबलं. परत फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण किमचीचा डबा द्यायला गेली तेव्हा बॉयलरनं तापणारी जमीन ऊबदार होती आणि चू आजोबा तिच्यावर आडवे होते. बॉयलरच्या धुराच्या पाइपात पक्ष्याचं जुनं घरटं अडकलेलं पोलिसांना सापडलं. धूर बाहेर जायचा तो घरातच फिरत राहिला.

मी बांग हे-वन. देगू शहरात कामगार कायद्याची सल्लागार आहे. कंपनीत काही वाईट घडलं की आतल्या चौकशीला बाहेरचं माणूस लागतं, म्हणजे पुढे बोट दाखवायला बरं पडतं. असं माणूस म्हणून मला बोलावतात. या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती बॉयलर बनवते, आणि देगूतल्या तिच्या कार्यालयात एक आख्खा मजलाभर बायका दिवसभर लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकतात, एवढं पुरे.

मजल्याचे प्रमुख प्यो ग्वांग-हो यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"मुलगी स्वतःच्या मनानं बोलली नाही, बांगबाई. आमचं सहायक यंत्र गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकतं आणि काय बोलायचं ते पडद्यावर लिहून देतं. तिनं फक्त वाचलं."

"म्हणजे यंत्र चुकलं."

"यंत्र चुकत नाही. ते आमच्याच उत्तम कर्मचाऱ्यांच्या फोनवरून शिकलंय. डोकं जड झालंय असं कुणी म्हटलं की 'गॅस बंद करा, घराबाहेर पडा, आम्ही माणूस पाठवतो', हे उत्तर त्याच्यात होतं. ऑक्टोबरात कुणीतरी ते काढून टाकलं. अशीच आणखी काही उत्तरं काढली. प्रत्येकापुढे नाव आणि टेबलाचा क्रमांक आहे, बघा."

मी पाहिलं. सगळ्यांपुढे एकच टेबल, एकच नाव होतं. क्वाक मल-सुन.

"आमची सगळ्यांत जुनी, सगळ्यांत चांगली बाई," प्यो साहेब म्हणाले. "तिच्याच फोनवरून यंत्र शिकलं. मग तिचा बोनस गेला, आणि तिनं सूड घेतला. जेवणघरात सगळ्यांसमोर ओरडली होती, 'माझं डोकं काढून घेतलंत, मी ते परत घेऊन जाईन.' तुम्ही फक्त शिक्का मारायचा."

शिक्का मारायला बोलावलं की माझं डोकं फिरतं.

२

क्वाक मल-सुनला घरी बसवलं होतं. दार उघडताच ती म्हणाली, "कुणी पाठवलंय? प्यो? मग चपला काढायची तसदी घेऊ नका."

मी चपला काढल्या. ती परसिमनचं फळ सोलत बसली होती. साल एका लांब पट्टीत सुटत होतं आणि जीभ सुरीपेक्षा जोरात चालत होती.

"ओरडले, हो! का नाही ओरडायचं? आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाऊन शिकले मी. रागावलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं. म्हातारीला बटणाचं नाव सांगायचं नाही, रंग सांगायचा. कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत नवं कपाट बसवलं की मागचा पाइप सरकतो, म्हणून कपाटाचं विचारायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. माझे सगळे फोन त्या पोपटाला ऐकवले." यंत्राला सगळ्या बायका पोपट म्हणत. "मला विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि मग आठवड्याभरापूर्वी लागलेली पोरगी माझ्यासारखी बोलायला लागली. माझ्याच शब्दांत!"

"ते वाईट का? पोरींना सोपं झालं."

"सोपं?" तिनं सुरी खाली ठेवली. "पोरींचे फोन लवकर संपायला लागले, तर त्यांना वाटलं, आता जरा श्वास घेता येईल. प्योनं त्या वेळेत आणखी फोन घातले. आणि बोनस आता कुणाला? जो सुधारला त्याला. मी कशी सुधारणार? मी माझ्याच बरोबरीला येऊन बसले. कागदावर मी सगळ्यांत शेवटी. तुमच्याच उत्तरांशी शर्यत लावून बघा कधीतरी."

तिचा राग खरा होता. राग खरा असला म्हणजे माणूस निर्दोष असतो असं नाही, तेव्हा मी सरळ विचारलं.

"डोकं जड होण्याचं उत्तर तुम्ही काढलंत?"

तिनं सालं गोळा करून ताटलीत ठेवली.

"माझी धाकटी मावशी घर तापवायच्या कोळशाच्या विटांच्या धुरानं गेली," ती म्हणाली. "आमच्या लहानपणी माणसं अशी झोपेतच जायची. शेजारणी उतारा म्हणून मुळ्याच्या किमचीचं गार पाणी घेऊन धावल्या, तिचं तोंडच उघडेना. मी खोलीत होते. ते उत्तर मी काढीन? यंत्र फोडीन, प्योचं डोकं फोडीन. ते उत्तर नाही."

"तुमच्या नावानं निघालंय. तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत होता?"

"कुणालाच नाही."

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं होतं. बडबडी बाई एकदम दोन शब्दांवर आली की ती कुणाला तरी पाठीशी घालत असते. फ्रिजवर डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती, तिच्याकडे पाहत ती उठली आणि मला दारापर्यंत सोडायला आली.

मल-सुन खोटं बोलली होती. पण कुणासाठी?

३

मिन ओक-ही गुणवत्ता विभागात होती. पूर्वी तिचं काम फोन ऐकायचं, बायकांना शाबासकी द्यायची, चुका सांगायच्या. आता ते यंत्र करतं. तिला यंत्राच्या उत्तरांची छाननी दिली होती. मल-सुनची ती जिवाभावाची मैत्रीण, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिला एवढंच सांगितलं, की यंत्रातली काही उत्तरं मल-सुनच्या नावानं निघाली आहेत आणि त्यामुळे एक माणूस गेला. तिचे डोळे भरून आले.

"बांगबाई, ती तोंडानं फाटकी आहे, मनानं नाही. कपाटाचं उत्तर तिनं किती जीव लावून बसवलं होतं! एकेका पोरीला जवळ बसवून शिकवलं होतं. ते स्वतःच्या हातानं कसं काढेल ती?"

"मग कुणी काढलं असेल?"

"मी कुणावर आळ घेणार? पण..." तिनं आवाज खाली केला. "ती नवी पोरगी, यु-रिम. पोपटाच्या जिवावर लागल्यापासून पहिला नंबर. मल-सुन असेपर्यंत लोक म्हणणार ना, हिचं स्वतःचं काय आहे? मल-सुन गेली तर तिला बरंच. तुम्ही तिला विचारा."

ओक-हीनं मला बार्लीचा चहा दिला, खोलीबाहेर सोडलं, आणि मैत्रिणीला सांभाळून घ्या म्हणाली. भली बाई, असं माझ्या मनात आलं.

यु-रिम मला जिन्यात सापडली. पायरीवर बसून भाताची गुंडाळी, किमबाप, हातात घेऊन नुसतीच बघत होती. मी नाव सांगताच उभी राहिली आणि माझ्या प्रश्नाची वाट न पाहता म्हणाली,

"मीच मारलं त्यांना."

४

मी तिला खाली बसवलं.

"वाचताना मला वाटलं होतं," ती म्हणाली. "डोकं जड म्हणाले तेव्हा मनात आलं, मल-सुनताई अशा वेळी बटण सांगत नव्हत्या. पण पडद्यावर उत्तर आलेलं. त्याच्या पलीकडे काही बोललं की पोपट खुणा करतो, बाजूला नोंद होते, गुण जातात. मी वाचलं. ते मला विचारत होते, जेवलीस का. आणि मी वाचलं."

"कशाचे गुण?"

"ते कोण सांगतंय आम्हाला! महिनाअखेर नाव वर गेलं की काहीतरी बरोबर केलं, खाली आलं की चुकलं. आम्ही अंदाज बांधतो. कुणी म्हणतं, फोन छोटा ठेवा. कुणी म्हणतं, 'धन्यवाद' दोनदा म्हणा. एक जण तर खुर्चीची दिशा बदलून बसते."

इतक्या दुःखातही ती हसली, आणि लगेच तिचं तोंड वाकडं झालं. "आता प्यो साहेब म्हणतात, यंत्र फक्त सुचवतं, जबाबदारी बोलणाऱ्याची. माझा नंबर पहिला आला तेव्हा त्यांनी सोलच्या मुख्य कार्यालयातल्या लोकांना सांगितलं होतं, बघा आमच्या यंत्राची कमाल. चांगलं झालं की यंत्राचं, माणूस मेला की माझं."

मी मल-सुनबद्दल विचारलं.

"त्यांना पोपटाची गरजच नव्हती. ऑक्टोबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा पडदाही नीट दिसत नव्हता. ओक-हीताई सकाळी लवकर येऊन त्यांच्या जागी बसायच्या, सगळं उघडून द्यायच्या. मल-सुनताई मग दिवसभर तोंडपाठ बोलायच्या. एकही चूक नाही!"

"प्यो साहेब कधी त्या जागी बसायचे?"

"साहेब? ते नुसते दारात आले तरी आख्खा मजला ताठ होतो. ते कुणाच्या जागी बसले असते तर वर्षभर त्याचीच चर्चा असती."

मी परत प्यो साहेबांच्या खोलीत गेले आणि काढलेली उत्तरं पुन्हा वाचली. डोकं जड होणं. पाइपातलं घरटं. पाइपाच्या तोंडाशी साठलेला बर्फ. बाल्कनीतल्या कपाटामागे सरकलेला पाइप. चारही उत्तरांचा शेवट एकच, ताबडतोब माणूस पाठवा.

मग मी मल-सुनची शिल्लक राहिलेली उत्तरं वाचायला घेतली, आणि तिथे मी थांबले.

५

सूड घ्यायचा असता तर मल-सुननं काय नेलं असतं? ज्यांच्या जिवावर नव्या पोरी तिच्या बरोबरीला आल्या, ती. रागावलेल्या माणसाला शांत करायचं उत्तर, रंगानं बटण ओळखायला लावायचं उत्तर. ती दिवसभर मजल्यावर वाजत होती आणि त्यांना कुणी हातही लावला नव्हता. चोरानं दागिने तसेच ठेवून घरातली औषधं नेली होती.

शिवाय माणूस पाठवायचं एक उत्तर राहिलं होतं. पाणी गळून खालच्या घरात उतरत असेल तर.

"हे कसं राहिलं?" मी प्यो साहेबांना विचारलं.

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गळतीच्या भेटी आमच्या गुणांत येत नाहीत. त्या दुरुस्ती विभागाच्या खात्यावर पडतात. बाकी प्रत्येक भेट आमच्या मजल्याला खाली ओढते. तक्रार फोनवर सुटली पाहिजे, सगळा हिशेब त्यावर आहे."

"हे फोनवरच्या बायकांना माहीत असतं?"

"छे! त्यांना कळलं तर त्या पळवाटा काढतील. मी आणि गुणवत्ता विभाग, बस."

"आणि कुठली उत्तरं निघाली, हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाही नाही. तुम्ही आणि मी."

मी खुर्चीत मागे टेकले. उत्तरं काढणाऱ्याला गुणांचा हिशेब ठाऊक होता, म्हणजे मल-सुन नाही, यु-रिम नाही. तो मल-सुनच्या जागी बसला होता आणि कुणाला नवल वाटलं नव्हतं, म्हणजे प्यो साहेब नाहीत. आणि मी फक्त 'काही उत्तरं' म्हटलेलं असताना एका बाईनं रडत रडत मला कपाटाचं उत्तर सांगितलं होतं.

मी ओक-हीला दुपारी काल्गुक्सूच्या छोट्या खानावळीत बोलावलं. वाफाळत्या शेवयांचे वाडगे समोर आले. मी विचारलं, "कपाटाचं उत्तर निघालंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं चॉपस्टिक उचलल्या, परत ठेवल्या. "मल-सुननं सांगितलं असेल."

"तिला आजही माहीत नाही. पासवर्ड कुणाकडे होता हे ती मला सांगत नाही. तुम्हाला वाचवतेय ती."

ओक-हीचा चेहरा माझ्यासमोर म्हातारा झाला.

"दर सोमवारी प्यो साहेब तो तक्ता माझ्यापुढे धरायचे," ती म्हणाली. "ही उत्तरं लाल. 'ओक-हीबाई, ही आपल्याला बुडवतात. तुम्ही अनुभवी आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.' काढा असं कधी म्हणाले नाहीत. माझी नोकरी आता त्या तक्त्यावर. माझं खरं काम तर गेलंच होतं."

"मग तिच्या नावानं का?"

"सुरक्षेची उत्तरं काढायचा अधिकार मल-सुनसारख्या तज्ज्ञ बायकांनाच आहे. मला नाही. मला वाटलं, एवढ्या हजारो उत्तरांत कोण बघणार? आणि बटणाचा सल्ला बहुतेक वेळा चालतोच." ती एकदम चिडून माझ्याकडे पाहायला लागली. "तुम्हाला काय कळणार! तिचा आवाज त्या यंत्रात राहिला. ती ओरडली तरी तिचं सगळ्यांना कौतुक. मी आयुष्यभर ऐकलं, बांगबाई. कोण दमलंय, कुणाचं घरी भांडण झालंय, कोण रडून आलंय, आवाजावरून ओळखायची मी. ते कुठे राहिलं? ऐकणाऱ्याचं काय राहतं? मी चार ओळी काढल्या. माणूस नाही काढला."

"माणूसच काढलात," मी म्हटलं.

शेवया कुणीच खाल्ल्या नाहीत.

६

अहवालात मी दोन नावं लिहिली. प्यो साहेबांनी वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"पहिला भाग उत्तम आहे. दुसरा काढा."

"दुसऱ्या भागात तुम्ही आहात."

"मी काहीही काढायला सांगितलं नव्हतं. ती उत्तरं लाल दाखवली यंत्रानं."

"लाल कशाला म्हणायचं, हे यंत्राला कुणी सांगितलं?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"जी बाई माणूस पाठवते तिला खाली ढकला, जी पाठवत नाही तिला वर चढवा, हे कुणी ठरवलं? एका मैत्रिणीची भाकरी तक्त्याला बांधायची, दुसरीचं डोकं यंत्राला खाऊ घालायचं, आणि पोरीला अंधारात ठेवून म्हणायचं, वाच! तुम्ही हात लावला नाहीत, हे खरं आहे. तुम्ही फक्त सगळ्यांचे हात तिकडे वळवलेत."

"बांगबाई," ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला चौकशी दिली होती, प्रवचन नाही."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. ओक-हीवर खटला झाला आणि तिनं काही नाकारलं नाही. प्यो साहेबांना सोलला मुख्य कार्यालयात बोलावून घेतलं. शिक्षा म्हणून नव्हे. माझा अहवाल कंपनीनं अर्धाच स्वीकारला. पूर्ण अहवालाची प्रत मी चू आजोबांच्या मुलीच्या हातात दिली, आणि तेव्हापासून कंपन्या मला शिक्के मारायला बोलावत नाहीत.

पण त्या दिवशी प्यो साहेबांच्या खोलीतून मी थेट मल-सुनकडे गेले. आळ तिच्यावरचा गेला, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. ओक-हीचं नाव ऐकल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"ते उत्तर परत घातलं ना?" तिनं विचारलं.

"कुठलं?"

"कुठलं काय! डोकं जड झाल्याचं. थंडी पडलीय. सगळ्या देशात बॉयलर पेटलेत. घातलं ना परत?"

मी यु-रिमला फोन लावला. ती कुजबुजत म्हणाली, "नाही. चौकशी पुरी होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. पोपट अजून बटणच सांगतोय."

मल-सुननं अंगावरच्या घरच्या कपड्यांवरच कोट चढवला.

७

दारावरच्या रखवालदारानं तिला अडवलं नाही. तो तिला रोज नमस्कार करणारा माणूस होता. आजही त्यानं केला, आणि ती आत गेल्यावर त्याला आठवलं असावं की तिला मनाई आहे.

मजल्यावर रांगाच्या रांगा, प्रत्येकीच्या कानावर हेडफोन, प्रत्येकीच्या तोंडी पडद्यावरची वाक्यं. मल-सुन मधल्या वाटेत उभी राहिली आणि तिनं टाळी वाजवली. मग तिच्या त्या देगूच्या बाजारात शोभणाऱ्या आवाजात ओरडली,

"पोरींनो, ऐका! हेडफोन काढा! डोकं जड झालंय म्हणाले, मळमळतंय म्हणाले, घरातली दोघंतिघं एकदम पेंगतायत म्हणाले, तर बटण सांगायचं नाही. पोपट काहीही म्हणू दे. गॅस बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, मग आपला माणूस. कळलं?"

काही जणींनी हेडफोन काढले. काही जणी पडद्याकडे बघत राहिल्या, कारण पडद्यावर गुण जात होते.

"आज कुणाला असा फोन आला होता का?" तिनं विचारलं. "खरं सांगा. मी कुणाला रागावणार नाही."

मग खिडकीजवळच्या एका बाईनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मघाशी एक आजी होत्या. सोक्चोकडच्या. चक्कर येतेय म्हणाल्या. मी... मी बटण सांगितलं."

"नंबर काढ."

"क्वाकबाई!" प्यो साहेब दारात आले होते. "कुणाच्या परवानगीनं आलात? फोन तुटतायत सगळे! खाली उतरा ताबडतोब, नाहीतर मी..."

यु-रिम उठली. ती नाजूक मुलगी त्यांच्या आणि मल-सुनच्या मध्ये जाऊन नुसती उभी राहिली. तिच्या शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. प्यो साहेबांना पुढे यायला वाट उरली नाही.

नंबर लागला. मल-सुननं हेडफोन उलटा धरला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडे घंटी वाजत होती. वाजत राहिली. खिडकीजवळची बाई तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

"परत लाव," मल-सुन म्हणाली.

परत घंटी.

मग खुट्ट आवाज झाला आणि कुणीतरी जड जिभेनं म्हणालं, "कोण आहे?"

"आजी, बॉयलरवाली बोलतेय. उठा. बोलू नका, आधी उठा. जवळची खिडकी उघडा."

"झोप येतेय गं..."

"झोपायचं नाही! आई, ऊठ! भिंतीला धरून दाराकडे चल. दार उघड. उघडलंस? आता पाय बाहेर टाक."

'आजी'ची 'आई' कधी झाली हे तिलाही कळलं नसावं. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज, मग सरकतं दार, मग वारा. आम्ही सगळ्यांनी तो वारा ऐकला. एका बाजूला कुणीतरी अग्निशमन दलाला पत्ता सांगत होतं, आणि रांगेत एकामागून एक बायका सकाळपासूनचे फोन मागे जाऊन तपासत होत्या, नंबर फिरवत होत्या.

"बाहेर फार थंडी आहे," म्हातारी म्हणाली. आवाज आता जरा मोकळा झाला होता. "आत जाऊन शाल घेऊन येऊ का?"

"नाही. कुडकुडा, पण तिथेच थांबा. गाडी निघालीय."

"तुझा वेळ जातोय, बाळ. ठेव आता फोन."

मल-सुननं शेजारची खुर्ची पायानं ओढली आणि बसली.

"नाही ठेवत," ती म्हणाली. "मला सांगा, आजी, सोक्चोला बर्फ पडला का?"